अलगदभाऊच्या हाताला मुंग्या

त्याला सगळे अलगदभाऊ म्हणत. गालावरून त्याचा वस्तरा इतका अलगद फिरायचा, की दाढी संपल्यावर गिऱ्हाईक विचारायचं, "मग, करायची ना सुरुवात?" सलून लहानसंच. समोर भिंतभर आरसा आणि दोन खुर्च्या. त्यातली डावी खुर्ची वर केली की आपोआप हळूहळू खाली बसायची, त्यामुळे तिच्यावरच्या गिऱ्हाइकाचे केस कापताना अलगदभाऊही हळूहळू वाकत जायचा.

तर अशा माणसाच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. आधी सकाळी उठल्यावर, अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना. मग कात्री चालवताना. एकदा कंगवा पडला. पुढच्या आठवड्यात चक्क कात्रीच सुटली आणि गिऱ्हाइकाच्या मांडीवर जाऊन बसली. गिऱ्हाईक पोस्टमन होता, शांत स्वभावाचा. कात्री उचलून परत देत म्हणाला, "हे तुमच्या नावावर आलंय."

अलगदभाऊ हसला, पण कात्री त्याने डाव्या हाताने घेतली. कात्री मांडीवर पडली ते ठीक, उद्या वस्तरा सुटला तर?

तो आरोग्य केंद्रात गेला. तिथल्या डॉक्टरांची बदली होऊन आठ महिने झाले होते आणि नवे अजून यायचे होते. नर्सबाई एकट्याच टोचायच्या, पट्ट्या बांधायच्या आणि येईल त्याची बोलणी खायच्या. त्यांनी हात उलटासुलटा करून बघितला. "हे शिरांचं काम वाटतंय. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नंबर लावा."

नंबर फोनवरच लागायचा. "आपण रांगेत एकतिसावे आहात," असं सांगून फोन गाणं वाजवायला लागला. अलगदभाऊने पाऊण तास तो उजव्या हाताने कानाला धरला. नंबर आला तोवर हात असा काही बधिर झाला की फोन सुटून बादलीत पडला. दुसऱ्या दिवशी बायकोने तिचा फोन धरला, तो बोलला. तारीख मिळाली पाच महिने अकरा दिवसांनंतरची.

"येताना उपाशीपोटी या," पलीकडची मुलगी म्हणाली.

अलगदभाऊने घाबरून विचारलं, "आतापासून?"

बायको बसस्टँडवर उद्घोषक होती. कोणती गाडी कुठे लागली, कोणती सुटली, हे सगळं गाव तिच्या तोंडून ऐकायचं. आवाज असा खणखणीत, की घरात ती "चहा झाला" म्हणाली तरी दोन शेजारी कप घेऊन उठायचे. डॉक्टर नाहीत म्हटल्यावर तिने पदर खोचला आणि फोन तोंडासमोर धरला.

"कृपया लक्ष द्या. माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताला मुंग्या येत आहेत. उपाय सांगा."

फोनने लक्ष दिलं. मुंग्या घालवण्याचे दहा घरगुती उपाय समोर आले. साखरेचे डबे घट्ट लावा. फटींमध्ये पावडर टाका. मुंग्यांच्या वाटेवर खडूने जाड रेघ ओढा.

"कुठे ओढू रेघ?" अलगदभाऊ म्हणाला. "कोपराला?"

"थांबा हो, नीट विचारते." तिने मुंग्या काढून 'बधिरपणा' घातला, आणि मग मात्र धरण फुटलं. मानेचा मणका सरकणे. साखर वाढणे. अमुक जीवनसत्त्व कमी पडणे, तमुक ग्रंथी मंद होणे. एक रोग तर फक्त खोल समुद्रात बुड्या मारणाऱ्यांना होतो, असं लिहिलं होतं. अलगदभाऊला पोहता येत नव्हतं, तरी त्याने दोन दिवस अंघोळ बेताने केली.

त्या दिवसापासून तो रोज एक नवा रोग घेऊन घरी यायला लागला. सोमवारी चहातली साखर बंद. मंगळवारी मानेसाठी टॉवेलची गुंडाळी गळ्याभोवती, म्हणजे गिऱ्हाइकाच्या गळ्यालाही टॉवेल आणि कारागिराच्याही. बुधवारी त्याने जेवताना जीभ बाहेर काढून बायकोला रंग विचारला.

"हे बघा," ती म्हणाली, "एका जेवणाला एकच रोग. दुसरा काढलात तर मी ताट घेऊन स्टँडवर जाऊन बसेन."

पण एक पान त्याच्या मनात घर करून बसलं. पक्षाघाताचं. त्यात तीन परीक्षा दिल्या होत्या. हसून बघा, ओठ एका बाजूला ओघळतो का. दोन्ही हात वर करा, एक खाली येतो का. एक साधं वाक्य बोला, जीभ अडखळते का, शब्द भलतेच येतात का. यातलं काहीही चुकलं तर एक क्षण न दवडता दवाखाना गाठा, आणि कधी सुरू झालं ती वेळ लक्षात ठेवा, डॉक्टर पहिलं तेच विचारतात. रोग्याला खायला-प्यायला काही देऊ नका.

त्याने ते पान तोंडपाठ केलं. रोज सकाळी सलून उघडलं की तो आरशासमोर उभा राहून बत्तीशी दाखवायचा, दोन्ही हात वर करायचा आणि म्हणायचा, "माझी तब्येत उत्तम आहे." शेजारच्या चावीवाल्याने पहिल्या दिवशी हे बाहेरून बघितलं. हात वर करून कसनुसा हसणारा अलगदभाऊ बघून त्याला वाटलं, आत कोणीतरी पिस्तूल रोखलंय. तो हातोडी घेऊन आत घुसला. अलगदभाऊने हातोडी बघितली आणि हात आणखी वर केले. दोघांचा गैरसमज मिटायला चहा मागवावा लागला.

या सलूनात दर शनिवारी दहाच्या ठोक्याला हेडमास्तर यायचे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण माणूस फक्त शाळेतून निवृत्त झाला होता, व्याकरणातून नाही. सलूनच्या दारावर पूर्वी 'आतया' असं जोडून लिहिलं होतं. सर पहिल्यांदा आले तेव्हा दारातच थांबून म्हणाले, "कोणाची आत्या?" आणि पाटी रंगवून घेतल्याशिवाय उंबरा ओलांडला नाही. वीस वर्षांत त्यांनी अलगदभाऊची पाचशे तरी वाक्यं दुरुस्त केली असतील. आणि त्या वीस वर्षांत ते एकदाही हसले नव्हते. एकदा वरून पंख्याचं पातं निखळून पावडरच्या डब्यात पडलं, सगळं सलून पांढरं होऊन खो-खो हसलं; सर पांढऱ्या भुवया न हलवता म्हणाले, "चालू दे."

त्या शनिवारी सर आले, उजव्या खुर्चीत बसले. अलगदभाऊने कापड पांघरलं, साबण फेसाळून तोंडभर लावला. सर जरा गप्प वाटले, म्हणून तो म्हणाला, "सर, दाढीनंतर डोक्याला मालिश करून देऊ का?"

"नको," सर म्हणाले. "माझी डोकं जड झाली आहे."

अलगदभाऊचा ब्रश हवेतच थांबला. तो वाट बघत राहिला, की सर आता स्वतःलाच झापतील. सर शांत बसून होते.

"काय म्हणालात, सर?"

"म्हटलं, माझी डोकं..." आणि पुढचे शब्द कोणी तोंडात चावून टाकावेत तसे आले.

गंमत म्हणावी तर सर गंमत करत नसत. अलगदभाऊने घड्याळ बघितलं. दहा वाजून पाच मिनिटं.

"सर, जरा हसून दाखवा."

"का?"

"उगाच. माझ्यासाठी."

अलगदभाऊने घाईघाईने त्याला येणारा एकमेव विनोद सांगितला, टक्कल असलेला माणूस कंगवा घ्यायला जातो तो. सरांच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही. मग त्याने टॉवेलने सगळा फेस पुसून काढला आणि हात जोडले. "सर, पाया पडतो, दात दाखवा."

सरांनी दात दाखवले. डावीकडून ओठ वर गेला, उजवीकडचा जागचा हलला नाही. माणसाने अख्खा जन्म आरशात बघून काम केलेलं असलं की डावं-उजवं चुकत नाही. पण तरी त्याची पंचाईत झाली. हे हसू वाकडं झालंय, की सरांचं हसू असतंच असं? वीस वर्षांत बघितलेलं कोणी?

"आता दोन्ही हात वर करा."

कापडाखाली डाव्या बाजूला एक तंबू उभा राहिला. उजवीकडे कापड किंचित हललं, इंचभर उचललं गेलं आणि तो तंबू बसला.

आता शंका उरली नाही. "चावीवाले!" अलगदभाऊ असा ओरडला की तो हातोडीसकट धावत आला. त्याच्या मोबाइलवरून रुग्णवाहिकेला फोन केला. ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती, यायला दीड तास. नर्सबाईंना फोन केला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "इथे आणू नका, वेळ जाईल. मोठा दवाखाना गाठा. त्यावरचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं. मी तिकडे कळवते."

मग त्याने बायकोला फोन केला. शहराची गाडी दहा वीसला सुटायची. दहा सतरा झाले होते. त्याने एका दमात सगळं सांगितलं. ती फक्त "बरं" म्हणाली. पुढच्या मिनिटाला स्टँडवरच्या सगळ्या भोंग्यांतून आवाज आला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. शहराकडे जाणारी दहा वीसची गाडी आज सलूनमार्गे जाईल."

ड्रायव्हर पंधरा वर्षं या आवाजाच्या हुकमावर गाड्या हलवत होता. सलूनमार्गे म्हणजे काय, असं त्याच्या डोक्यातही आलं नाही. त्याने गिअर टाकला. त्या गल्लीत आजवर हातगाडीपेक्षा मोठं काही शिरलं नव्हतं. बस आली ती एक ताडपत्री, दोन वायरी आणि चावीवाल्याच्या दुकानावरची पत्र्याची हातभर किल्ली अंगावर घेऊनच आली. चावीवाल्याने वर बघितलं, एक उसासा टाकला आणि सरांना पायाकडून उचललं.

सरांना तिघांच्या बाकावर कुशीवर झोपवलं. गळ्यात सलूनचं कापड तसंच. चावीवाला सरांच्या घरी सांगायला पळाला, अलगदभाऊ बसमध्ये चढला आणि बस निघाली. आता बसमध्ये चाळीस माणसं होती आणि चाळीस फोन. पाच मिनिटांत प्रत्येकाने काहीतरी शोधून काढलं.

"तळपाय घासा, तळपाय!"

"इथे लिहिलंय, बोटांच्या टोकांना सुई टोचा."

"अहो, साखरपाणी द्या त्यांना," एक मावशी बाटली घेऊन पुढे आल्या.

अलगदभाऊ मध्ये उभा राहिला. "कोणी काही पाजायचं नाही. टोचायचं नाही. गिळता आलं नाही तर छातीत जाईल."

"तुम्ही डॉक्टर आहात का?" एका चष्मेवाल्याने विचारलं.

"नाही. पण मागे सरका."

सगळे मागे सरकले. बसमध्ये एकदम शिस्त आली. अलगदभाऊला स्वतःच्या शब्दाचं वजन बघून नवल वाटलं. मग त्याचं हाताकडे लक्ष गेलं. सलूनमधून निघताना उचललेला वस्तरा अजून उघडाच हातात होता.

कंडक्टरने एकही थांबा घेतला नाही. एका गृहस्थाला तिसऱ्याच थांब्यावर उतरायचं होतं. तो अर्धा रस्ता तक्रार करत होता, उरलेला अर्धा सरांचा हात धरून बसला. सव्वा तासात बस मोठ्या दवाखान्याच्या फाटकातून आत गेली आणि रुग्णवाहिकेच्या जागेवर उभी राहिली. स्ट्रेचरला पहिला हात त्याच गृहस्थाने लावला.

तरुण डॉक्टरीणबाई धावतच आल्या. "लक्षणं कधी सुरू झाली?"

"दहा वाजून पाच मिनिटांनी," अलगदभाऊ ताठ उभा राहून म्हणाला. "डोकं स्त्रीलिंगी झालं."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "पेशंट कोण? हे, की तुम्ही?"

त्याने समजावून सांगितलं. सर कोण, व्याकरण काय, हसू कसं, तंबू कसा. त्या भराभर लिहीत गेल्या, आणि सरांना आत नेताना वळून म्हणाल्या, "वेळ सांगितलीत ते फार बरं केलंत."

डोक्याचा फोटो निघाला, इंजेक्शन दिलं गेलं. दुपारच्या गाडीने सरांच्या पत्नी आल्या, त्यांना घेऊन अलगदभाऊची बायको. बाई रडत नव्हत्या, पण पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. बायको त्यांच्या शेजारी बसली आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली.

संध्याकाळी सरांची उजव्या हाताची बोटं हलायला लागली. बोलणं मात्र अजून अडकत होतं. जीव वाचला, हातही बहुतेक येईल, जिभेला वेळ लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अलगदभाऊ बाकावर बसला आणि सवयीने उजवा हात झटकायला लागला.

"हात का झटकताय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. मुंग्या येतात."

"झटकल्यावर बरं वाटतं?" त्या थांबल्या. त्यांनी त्याला दोन्ही मनगटं वाकवून हातांच्या पाठी एकमेकींना टेकवायला लावल्या आणि घड्याळ बघत राहिल्या. मिनिटभरात मुंग्यांची रांग लागली. "करंगळीला येतात?"

"नाही. करंगळी शहाणी आहे."

"काम काय करता?"

"एकतीस वर्षं कात्री."

"मनगटात शीर दबतेय. झोपताना मनगट सरळ राहील असा पट्टा बांधा, कात्रीला जरा सुट्टी द्या. नाहीच उतरलं तर छोटंसं ऑपरेशन."

अलगदभाऊचा चेहरा पडला. "एवढंच?"

"का, कमी पडलं?"

"तसं नाही. तो एक बुड्या मारणाऱ्यांचा रोग आहे ना, समुद्रातला..."

"पोहता येतं?"

"नाही."

"मग तो नसावा," त्या गंभीरपणे म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.

आठवड्याभरात गावात बोभाटा झाला. सलूनसमोर रांग लागायला लागली, पण केस कापायला कोणी येईना. लोक आरशासमोर उभे राहून दात दाखवायचे, हात वर करायचे. एका म्हाताऱ्याने गुडघा दाखवला, एका बाईने म्हशीची लक्षणं सांगितली. "अहो, मी एकच रोग शिकलोय," अलगदभाऊ कळवळून सांगायचा, "आणि तो दिसला तर माझ्याकडे येऊ नका, दवाखान्यात पळा!" लोक मान डोलावायचे आणि म्हणायचे, "ते खरं, पण एवढी जीभ बघा." बायकोला स्टँडच्या साहेबांनी लेखी विचारलं, की सलून हा थांबा कोणत्या नियमाने दिला. तिने लेखी उत्तर दिलं, "प्रवासी तिथे होता."

पट्ट्याने महिन्यात मुंग्या पुष्कळ कमी झाल्या. अलगदभाऊने सकाळचं काम तेवढं ठेवलं आणि शनिवारी तो सरांच्या घरी जाऊन दाढी करायला लागला.

सरांची जीभ सोडवायला शहरातल्या एका बाई होत्या. त्यांच्याकडे रोज जाणं शक्य नव्हतं, म्हणून त्या फोनवरच दिसायच्या आणि शिकवायच्या. सरांना या प्रकाराची फार लाज वाटायची. चाळीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलेल्या माणसाने आता फोनसमोर बसून 'आ', 'ई', 'ऊ' करायचं. ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. सरांच्या पत्नी अलगदभाऊला हळूच म्हणाल्या, "माझं ऐकत नाहीत. तू बघ जरा."

त्या शनिवारी अलगदभाऊने दाढी झाल्यावर जायची घाई केली नाही. खुर्ची ओढून तो सरांच्या शेजारी बसला आणि फोन दोघांच्या मध्ये टेकवून ठेवला.

"बाई, मीही करू का?" त्याने विचारलं. "माझंही बोलणं कधी धड नव्हतं."

"या की," फोनमधल्या बाई म्हणाल्या. "दोघांनी तोंड पूर्ण उघडा. माझ्याकडे बघा. आऽऽ... आणि मी सांगेपर्यंत मिटायचं नाही."

अलगदभाऊने मोठ्ठा आ केला. सरांनी तिरक्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, जरा वाट बघितली आणि मग आपलंही तोंड उघडलं.

तेवढ्यात नेटवर्क गेलं. बाई पडद्यावर तशाच गोठल्या, आ वासून. एक मिनिट झालं, दोन झाली. तोंड मिटा असं कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे कोणी मिटलं नाही.

सरांच्या पत्नी चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. पडद्यावर एक आणि पडद्यासमोर दोन, अशी तीन माणसं एकमेकांकडे आ वासून बघत होती.

"अगं बाई, काय झालं?" त्यांनी घाबरून विचारलं.

अलगदभाऊने तोंड न मिटता फोनकडे बोट दाखवलं. सरांनी एकदा त्या बोटाकडे बघितलं, एकदा त्याच्या उघड्या तोंडाकडे, आणि त्यांचे खांदे हसण्याने गदगदायला लागले.